शेरी कास्कची बाटली घ्यायचीय? आधी पिंपाची चौकशी करा

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांचा आहे. भाचा एडिनबराला शिकतो, दिवाळीला घरी येतोय. मामांनी त्याच्याकडे शेरी कास्कची, म्हणजे शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली, सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची व्हिस्की) मागितली. भाचा म्हणतो, डिस्टिलरीची नेहमीची बाटली कशाला, इंडिपेंडंट बॉटलरची घेऊ या. त्याने दुकानातून तीन बाटल्यांचे फोटो पाठवलेत, तिन्ही ८० पौंडांच्या आतल्या. मामांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा बॉटलर म्हणजे नेमका कोण आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? एका बाटलीवर डिस्टिलरीचं नावच नाही, ते कसं काय? आणि तिन्हींतली सगळ्यात काळपट दिसते तीच घ्यायची ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. रंग बघून व्हिस्की घेणं म्हणजे मसाला लाल दिसला म्हणून तिखट असेल असं धरून चालणं. का ते पुढे येईलच. मी बावीस वर्षं हॉटेलांच्या बारमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ खरेदीच्या टेबलावर. आता नौपाड्यात घरीच असतो, पण बाटलीचं लेबल हातात आलं की अजूनही आधी बारीक अक्षरं वाचतो, मोठी नंतर.

बॉटलर म्हणजे कोण, हे नवी मुंबईकराला समजावणं सोपं आहे. वाशीच्या एपीएमसीत मार्च-एप्रिलमध्ये जा. देवगडच्या बागायतदाराचा हापूस कच्चा येतो. काही व्यापारी पेटी आली तशी पुढे ढकलतात. काही जण मात्र माल निवडून घेतात, स्वतः अढी लावतात, रोज हात घालून बघतात आणि पिकला की स्वतःच्या नावाने विकतात. बाग त्यांची नसते, पण पिकवणं त्यांचं असतं. इंडिपेंडंट बॉटलर हा तो दुसरा व्यापारी. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांचा बहुतेक माल ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीत जातो, त्यामुळे पिंपांची खरेदी-विक्री आणि अदलाबदल तिथे पूर्वीपासून चालते. बॉटलर त्यातून पिंपं घेतो. कधी नुकतंच गाळलेलं मद्य स्वतःच्या पिंपात भरून घेतो, कधी दहा-बारा वर्षं मुरलेलं तयार पिंप उचलतो.

ही काही काल उगवलेली जमात नाही. कॅडनहेड १८४२ पासून आहे. गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ मध्ये एल्गिन गावात किराणा दुकान म्हणून सुरू झालं. चहा, साखर आणि व्हिस्की एकाच गल्ल्यावर! त्यांची खासियत अशी की ते स्वतः निवडलेली पिंपं डिस्टिलऱ्यांकडे भरायला पाठवत. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२४ पासून दुसऱ्यांचं मद्य नव्याने भरणार नाही. म्हणजे पुढची कित्येक वर्षं ते जुना साठाच बाटलीत घालतील. सिग्नेटरी १९८८ ची, त्यांनी २००२ मध्ये एड्राडोर ही डिस्टिलरीच विकत घेतली. शेरी आवडणाऱ्या मंडळींमध्ये सिग्नेटरीच्या बटांना मान आहे. बट म्हणजे सुमारे ५०० लिटरचं पिंप. हॉग्सहेड म्हणजे त्याच्या निम्मं, साधारण २५० लिटर. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, त्यांची गरज लागणार आहे.

नाव नसलेल्या बाटलीला घाबरू नका. पिंप विकताना काही डिस्टिलऱ्या अट घालतात की आमचं नाव लेबलवर छापायचं नाही. मग बॉटलर ‘सिक्रेट स्पेसाइड’ किंवा नुसतं ‘ऑर्कनी’ असं फक्त प्रदेशाचं नाव छापतो आणि जाणकार आपापसात तर्क लढवत बसतात. काही जण त्याहून पुढे जाऊन पिंपात शेजारच्या डिस्टिलरीचं चमचाभर मद्य ओतून देतात. तेवढ्यानेच ते कायद्याने सिंगल माल्ट राहत नाही, ब्लेंडेड माल्ट होतं, आणि नाव छापायचा प्रश्नच मिटतो. चवीत फरक शून्य, भाव कमी. नाव झाकलेली चांगली बाटली ही माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात प्रामाणिक सूट आहे.

आता शेरीकडे येऊ. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या जेरेझ भागातली वाइन. वरून ब्रँडी घालून थोडी कडक केलेली. पूर्वी ती पिंपांतूनच जहाजाने इंग्लंड-स्कॉटलंडला जायची आणि तिथे बाटलीत भरली जायची. रिकामी पिंपं परत पाठवण्यात कोणाला रस नव्हता, ती व्हिस्कीवाल्यांनी स्वस्तात उचलली. सगळी परंपरा या काटकसरीतून जन्मली. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद व्हायला लागली आणि ही पिंपं येणं बंद झालं. मग आज लेबलवर ‘शेरी बट’ लिहिलेलं असतं ते पिंप येतं कुठून?

ते खास बनवून घेतलेलं असतं. नवा बिडाचा तवा आपण आणल्या आणल्या त्यावर घावन घालत नाही. तेल लावतो, कांदा घासतो, दोन-चार दिवस वापरात आणतो. तसंच नव्या ओकच्या पिंपात शेरी भरून ठेवतात, बऱ्याचदा दीड-दोन वर्षं. मग शेरी काढून घेतात आणि पिंप स्कॉटलंडला रवाना होतं. ती शेरी बहुतेक वेळा कोणी पीत नाही, पुन्हा दुसऱ्या पिंपात जाते आणि शेवटी व्हिनेगरला किंवा गाळायला. जेरेझच्या नियामक मंडळाने ‘शेरी कास्क’ म्हणून प्रमाणपत्र द्यायची पद्धत काढली, त्यात किमान एक वर्षाची अट आहे. म्हणजे शंभर वर्षं शेरी मुरलेल्या काळ्या पिंपाचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं, ते विसरा. तशी सोलेराची, म्हणजे शेरी वर्षानुवर्षं मुरवायच्या रांगांतली, जुनी पिंपं असतात जेरेझमध्ये, पण त्यांच्या लाकडात द्यायला फारसं काही उरलेलं नसतं.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. बाटलीतली ‘शेरीची चव’ निम्मी शेरीची आणि निम्मी लाकडाची असते. युरोपियन ओक असेल तर लवंग, सुका मेवा आणि सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिला, ओलं खोबरं, गोडसर सौम्यपणा. शेरीच्याही जाती आहेत. ओलोरोसो कोरडी, अक्रोड आणि नारंगीच्या सालीची आठवण देणारी. पेद्रो शिमेनेझ, जिला सगळे पीएक्स म्हणतात, ती उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, दाट, जवळजवळ काकवीच. फिनो फिकट, किंचित खारट, बदामाच्या वासाची, तिची पिंपं व्हिस्कीत कमी भेटतात. इंग्रजी टिपणांत ‘ख्रिसमस केक’ असं वारंवार वाचायला मिळेल. आपण तो केक किती वेळा खाल्लाय? मी माझ्या मंडळींना सांगतो, वसईची सुकेळी आठवा. वाळवलेलं राजेळी केळं, कडेला चिकट, मध आणि लाकडाच्या मधला वास. चांगल्या ओलोरोसो बटातली बारा वर्षांची व्हिस्की मला नेहमी सुकेळीच्या पुडीपाशी नेते.

पिंप पहिल्यांदा वापरलेलं की पुन्हा वापरलेलं, हा पुढचा मुद्दा. लेबलवर ‘फर्स्ट फिल’ आणि ‘रीफिल’ असे शब्द दिसतील. नारळाचं पहिलं दूध आणि दुसरं दूध, इतकं ते सरळ आहे. पहिलं दाट, दुसरं पातळ. पण सोलकढीला नुसतं पहिलं दूध घातलं तर ती सोलकढी राहते का? आमसुलाचा स्वाद बुडून जातो. रीफिल शेरी बटात डिस्टिलरीचा स्वतःचा स्वभाव टिकतो आणि शेरी मागून सूर धरते. फर्स्ट फिलमध्ये पंधरा-सोळा वर्षांनंतर कधी कधी नुसतं पिंपच प्यायल्यासारखं वाटतं. दुकानदार ‘रीफिल’ शब्द हळू आवाजात उच्चारतात. मी तो मोठ्याने वाचतो.

तिसरा शब्द ‘फिनिश’. आठ-दहा वर्षं बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरलेलं मद्य शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात हलवायचं. याला मी कार्बाइडचा आंबा म्हणणार नाही, तेवढा अन्याय नको. नीट केलेलं फिनिश छान लागतं. पण अढीत सावकाश पिकलेलं आणि शेवटी घाईने रंग चढवलेलं, यांतला फरक जिभेवर कळतो. फिनिशमध्ये शेरी वरच्या थरात असते. पहिल्या घोटाला गोड, गिळल्यावर एकदम कोरं. लेबलवर पिंप बदलल्याचे महिने दिले असतील तर बॉटलर सरळ माणूस आहे असं समजा. नुसतं ‘शेरी’ लिहून बाकी मोघम ठेवलं असेल तर दुकानात विचारायला लावा.

आणि शेरीचं जड पिंप पेलायला मद्यही अंगाचं हवं. मॉर्टलाक, बेनरिनेस, क्रेगेलाकी या डिस्टिलऱ्यांमध्ये वाफ थंड करायला अजून जुन्या पद्धतीची, पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी वापरतात. त्यात वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो आणि मद्य जड, किंचित मांसल उतरतं. असलं मद्य शेरीच्या पिंपात दबत नाही. ग्लेनरॉथेसही शेरीत शोभून दिसते. हलक्या, फुलांच्या वासाच्या मद्याला मात्र फर्स्ट फिल शेरीत घालणं म्हणजे नाजूक पोरीला भरजरी शालू नेसवून उभं करणं, शालूच दिसतो. शिवाय बेनरिनेससारखी डिस्टिलरी स्वतःच्या नावाने फार थोडी बाटली काढते, तिची गाठ पडते ती बॉटलरांकडेच. या वाटेला जायचं खरं कारण माझ्या लेखी हे आहे, दोन-चार पौंडांची बचत नव्हे.

रंगाची गोष्ट राहिली. स्कॉच व्हिस्कीत पाण्याशिवाय एकच गोष्ट घालायला कायद्याने परवानगी आहे, साधं कॅरमेल. म्हणजे रंग. मोठ्या ब्रँडांत ते सर्रास पडतं. जर्मनीत मात्र ते जाहीर करावं लागतं, त्यामुळे तिथल्या दुकानाच्या पानावर ‘मिट फार्बश्टॉफ’ (रंग घातलेली) दिसलं की समजायचं. एकाच पिंपातून भरणारे बॉटलर सहसा रंग घालत नाहीत, तो त्यांचा अभिमानाचा विषय असतो. पण न घातलेला गडद रंगसुद्धा चवीची हमी देत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की लाकूड ताजं होतं.

हा धडा मी पैसे मोजून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरून एक बाटली आणवली. बॉटलरचं नाव सांगत नाही. फर्स्ट फिल ओलोरोसो, काळ्या कॉफीसारखा रंग, किंमत खिशाला झोंबणारी. घोडबंदरला एका मित्राच्या गच्चीवर सहा जण जमलो. मी मोठ्या तोऱ्यात बूच काढलं, ग्लास फिरवले. पहिला वास घेतलेल्या मित्राने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, “लवंगी माळ कोणी लावली?” खरोखरच विझलेल्या फटाक्याचा, ओढलेल्या काडेपेटीचा वास. पिंपं रिकामी असताना बुरशी येऊ नये म्हणून आत गंधक जाळायची पद्धत होती, त्याचा हा अंश. थोडं गंधक मुळात मद्यातूनही येतं. गंमत म्हणजे सहापैकी दोघांना तो वास आलाच नाही आणि ती बाटली पुढे त्यांनीच संपवली. गंधक सगळ्यांच्या नाकाला सारखं लागत नाही. तुमच्या नाकाला लागत असेल तर तांब्याची स्वच्छ पट्टी किंवा चमचा ग्लासात दोन मिनिटं ठेवून बघा. काही प्रकारचे वास त्याने उतरतात, सगळे नाही. देवघरातली पळी मात्र घेऊ नका, आमच्याकडे त्यावरून एकदा आठवडाभर अबोला झाला होता.

तर आता भाच्याने पाठवलेले फोटो. मी हे तिन्ही मोठे करून बघितले.

पहिली सगळ्यात काळी. ‘सिक्रेट स्पेसाइड’, वय ८ वर्षं, शेवटचे १४ महिने फर्स्ट फिल ओलोरोसो हॉग्सहेडमध्ये, ६१ टक्के अल्कोहोल, ३१२ बाटल्या. आधी हिशेब जुळतो का ते पाहू. २५० लिटरचं पिंप, स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं असं धरलं, तर आठ वर्षांनी २१३ लिटरच्या आसपास उरतं. ७०० मिलीच्या बाटल्या होतात तीनशेच्या आगेमागे. म्हणजे लेबल खोटं बोलत नाही, पिंप एकच आहे. पण आठ वर्षांचं कोवळं मद्य, त्यावर ताज्या पिंपाचा घाईचा लेप, आणि ६१ टक्के. देशी व्हिस्कीच्या ४२.८ टक्क्यांवर वाढलेल्या घशाला हा पहिला अनुभव नको.

दुसरी बेनरिनेस, १२ वर्षं, रीफिल शेरी बट, ४६ टक्के, ७१६ बाटल्या. रंग जुन्या पितळेसारखा, फोटोत अगदी साधी दिसते. हिशेब करा: ५०० लिटरचे बारा वर्षांत ३९० उरले. पिंपातली ताकद ५९ च्या आसपास धरली आणि पाणी घालून ४६ वर आणलं, की ५०० लिटर होतात, म्हणजे सातशेच्या वर बाटल्या. जुळलं. ४६ टक्क्यांचंही कारण आहे. त्याच्या खाली आणलेली व्हिस्की थंडीत गढूळ दिसते, म्हणून कंपन्या ती गार करून गाळतात आणि त्यात थोडा स्निग्धपणा जातो. ४६ किंवा वर असेल तर ते करायची सहसा गरज पडत नाही.

तिसरी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, धुराच्या वासाची, ६ वर्षांची, पीएक्स पिंपातली. धूर आणि काकवी एकत्र. आवडणाऱ्याला वेड लागतं. पण धुराची सवय नसेल तर घरची मंडळी विचारतील, डेटॉल सांडलं का. सोडून द्या.

दुसरी घ्या. डोळे झाकून नाही, भाच्याला आधी चाखायला सांगा. तिकडची बरीच चांगली दुकानं ३० किंवा ५० मिलीचे नमुने विकतात, काही उघड्या बाटलीतून थेंबभर देतातही. त्याला फक्त दोन प्रश्न द्या: काडेपेटीचा वास येतो का, आणि घोट गिळल्यावर अर्धा मिनिट काही उरतं का. बाकीची वर्णनं त्याने केली नाहीत तरी चालेल.

आणि तुम्ही स्वतः इथे एक काम करा. शेरीची चव मुळात आपल्याला रुचते का, हे ८० पौंड जाण्याआधी तपासा. एखाद्या बऱ्या बारमध्ये ग्लेनड्रोनॅक १२ चे ३० मिली घ्या, ती ओलोरोसो आणि पीएक्स दोन्ही पिंपांतली आहे. किंवा आपल्याच देशातली घ्या. बंगळुरूच्या अमृतची इंटरमीडिएट शेरी बर्बन पिंपातून शेरीत आणि परत बर्बनमध्ये अशी फिरवलेली आहे, ५७.१ टक्के. गोव्याच्या पॉल जॉनच्याही ओलोरोसो आणि पीएक्स आवृत्त्या आहेत. आपल्या उन्हात मद्य लाकडाशी झपाट्याने बोलतं आणि उडतंही कैक पटींनी जास्त, त्यामुळे आपल्याकडच्या पाच-सहा वर्षांना कमी लेखू नका.

हीच बाटली ठाण्यातल्या दुकानात का नाही मिळत, असंही तुम्ही विचाराल. ड्युटी हे अर्धंच कारण. २०२५ मध्ये बंदरात ५,००० रुपयांना पडलेल्या बाटलीवर १५० टक्क्यांनी ७,५०० रुपये सीमाशुल्क होतं, वर राज्याचं उत्पादन शुल्क. हे राज्याचं शुल्कही नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं म्हणून बरं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. पण दुसरं कारण करार सोडवू शकत नाही. इथे प्रत्येक लेबलची राज्यात वेगळी नोंदणी लागते, फी भरून. लाखो बाटल्यांच्या ब्रँडला ते परवडतं. ३१२ बाटल्यांच्या एका पिंपासाठी कोण नोंदणी करणार? म्हणून बॉटलरांचा माल आपल्याकडे क्वचित येतो आणि आला तर तोच तो.

तेव्हा भाच्याची बॅग हाच राजमार्ग. ड्युटी न भरता माणशी २ लिटर आणता येतं. आता बघा, स्कॉटलंडातली बाटली ७०० मिलीची, आपल्यासारखी ७५० ची नाही. दोन म्हणजे १.४ लिटर. तिसरी घातली की २.१ होतात आणि त्या १०० मिलीपायी विमानतळावर कस्टमच्या हिरव्या-लाल रस्त्याचा घोळ होतो. दोन मोठ्या आणि एखादी ५०० मिलीची असं बसतं, काही बॉटलर तो आकार काढतात. गावातल्या दुकानातून घेतलेली बाटली चेक-इन बॅगेतच जाणार, हातातल्या नाही. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालत नाही. बुचाभोवती स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा, मग जाड मोजा, मग प्लॅस्टिकची पिशवी, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. तिथे भरलेला व्हॅट परत मिळेल या आशेवर राहू नका, ब्रिटनने प्रवाशांची ती सोय २०२० च्या अखेरीस बंद केली. कुरिअरने मागवण्याच्या फंदात तर पडूच नका. आणि हो, आपल्याकडे व्हिस्की बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वय २५ पूर्ण हवं. नसेल काढलेला तर ऑनलाइन काढून ठेवा.

व्हॉट्सॲपवर ‘ड्युटी फ्रीचा माल’ म्हणून फोटो फिरवणाऱ्यांकडून घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाने घेतली होती. बूच व्यवस्थित, खोकं व्यवस्थित, आत देशी ब्लेंडमध्ये कॅरमेल. रिकाम्या बाटल्या आणि खोकी विकत घेणारे लोक असतात आणि ती कशाला घेतात हे सांगायला नको.

बाटली घरी आली की दोन दिवस उभी राहू द्या. वाइनसारखी आडवी कधीच ठेवू नका, कडक मद्य बूच खाऊन टाकतं. माळ्यावर, फ्रिजच्या डोक्यावर, पश्चिमेच्या खिडकीत नको. कपाटातला खालचा, अंधारा कप्पा उत्तम.

पिताना एक अडचण आपल्याकडेच येते. पुस्तकांत लिहितात ‘खोलीच्या तापमानाला प्या’. त्यांची खोली १८-२० अंशांची. आपली ऑक्टोबरात ३२. त्या उष्णतेत अल्कोहोल आधी नाकात घुसतं आणि सुकेळी, नारंगी सगळं मागे राहतं. बर्फ टाकला तर वास झोपतो. मी रिकामा ग्लास पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो, पुसतो आणि मग ३० मिली ओततो. ट्युलिपसारखा, तोंडाशी निमुळता ग्लास हवा. ४६ टक्क्यांच्या व्हिस्कीला चार-पाच थेंब पाणी पुरे. पुढे कधी ५८ टक्क्यांची आणलीत तर ३० मिलीत दीड चहाचा चमचा, म्हणजे ८ मिलीच्या आसपास पाणी घातलं की ती ४६ वर येते. लक्षात ठेवा, तिच्या ३० मिलीत नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या पेगापेक्षा तिसऱ्या हिश्शाहूनही थोडं अधिक जादा अल्कोहोल असतं, पेग मोजायची जुनी सवय तिथे दगा देते. पाणी नळाचं नको. मोरबे धरणाचं पाणी चांगलं आहे, पण क्लोरीनचा वास शेरीच्या वर बसतो. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. चकणा म्हणून खारे दाणे बाजूला ठेवा, दोन काळ्या मनुका आणि अक्रोडाचा तुकडा घेऊन बघा. शेव-फरसाण त्या दिवशी नको.

उघडलेली बाटली वर्षभर छान राहते, निम्म्याखाली गेली की जरा लवकर संपवा. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जूनमध्ये बुचाच्या वर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून ओतून देऊ नका, कोरड्या कापडाने पुसा आणि फिल्म बदला. माझं एक बूच मात्र ऑगस्टमध्ये उघडताना मधोमध तुटलं आणि अर्धं आत पडलं. व्हिस्की गाळणीतून काढून दुसऱ्या स्वच्छ बाटलीत भरली, काही बिघडलं नाही. तेव्हापासून संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून डब्यात ठेवतो. बाटली मात्र ठेवत नाही. लेबल पाण्यात भिजवून काढून टाकतो, खोकं फाडतो आणि मगच भंगारवाल्याला देतो.